वजनाचा काटा अडकला, मग दुसरं ऑपरेशन करायचं का?

"मॅडम, माझी पिशवी परत मोठी झाली असणार. आता बायपास करून टाकू का?"

वजनाच्या शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षं झालेली माणसं समोर बसली की हा प्रश्न हमखास येतो. (पिशवी म्हणजे ऑपरेशननंतर उरलेलं लहान जठर. बायपास इथे हृदयाचं नाही, जठराचं: छोटी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.) शब्द वेगळे असतात, भीती तीच असते. म्हणून एका ताईंबरोबरची बोलणी इथे थोडक्यात देते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंची उंची 158 सेंटीमीटर. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया) झाली तेव्हा वजन 118 किलो होतं. सोळाव्या महिन्यात त्या 79 वर आल्या आणि काटा तिथेच थांबला. तिसऱ्या वर्षी 84 झाले, तेव्हा घाबरून आल्या. त्यांना 65 हवे होते.

मी आधी हिशोब मांडायला लावला. 118 मधून 34 किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या 29 टक्के. स्लीव्हकडून साधारण 25 ते 30 टक्क्यांची अपेक्षा धरतात. ताई नापास झाल्यासारख्या आल्या होत्या आणि कागद वेगळंच सांगत होता.

"65 हा आकडा कुठून आला?"

"लग्नात होते तेवढी."

अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. 'असावं'चं 'असायलाच हवं' झालं की माणूस स्वतःला कोंडून घेतो. 65 असावं, यात काही गैर नाही. 65 नाही म्हणजे सगळं वाया गेलं, या विचारातून ऑपरेशन टेबलावर जाणं मात्र धोक्याचं.

काटा का थांबतो हेही समजून घ्यावं लागतं. शरीर हलकं झालं की त्याला इंधन कमी लागतं. 118 किलोंचं शरीर जेवढ्या अन्नावर घटत होतं, 80 किलोंचं तेवढ्यावरच स्थिरावतं. त्यात भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात जास्त बनतं, तो भाग स्लीव्हमध्ये काढलेला असतो. म्हणून पहिले काही महिने भूक जवळजवळ नसते, पुढे ती थोडीफार परतते. भूक लागली म्हणजे पिशवी सैल झाली, असा अर्थ लगेच काढू नका. (ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काटा अडला म्हणून घाबरणारेही भेटतात. ते बहुतेक वेळा शरीरातल्या पाण्याचं गणित असतं, आपोआप सुटतं.)

मग ताईंना चौदा दिवसांची वही दिली. वजन नाही लिहायचं. काय खाल्लं, किती वाजता, बसून की उभ्याने, एवढंच. आठवड्याच्या वजनापेक्षा मला 'उभ्याने' हा रकाना जास्त सांगून जातो.

जेवणं खरंच छोटी होती: अर्धी पोळी, दोन चमचे भाजी. पोळी आणि चिकन छातीत अडकतं म्हणून त्या टाळत होत्या. मधल्या वेळात मात्र दिवसाला तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत बिस्किटं. आणि रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभ्याने चिवडा. नुसत्या साखरेच्याच 120 कॅलरी. दिवसाचं प्रथिन जेमतेम 35 ग्रॅम, लागतं 60 ते 80.

तिसऱ्या भेटीत वही मिटून त्या म्हणाल्या, "पहिले सहा महिने कुणीतरी माझा हात धरून ठेवला होता. तो हात सुटला. मला तो परत हवाय."

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ताई दुसरं ऑपरेशन मागतच नव्हत्या, त्या राखणदार मागत होत्या. मी विचारलं, "हा राखणदार साडेदहाच्या चिवड्याला अडवेल?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाही. चिवडा त्याच्या शेजारून जाईल."

इथून पुढचं काम सोपं झालं. घट्ट अन्न अडकतं, मऊ, कुरकुरीत आणि पातळ सरकतं. पिशवी कितीही लहान असो. ज्याचा त्रास हा आहे, त्याला बायपास करूनही तोच त्रास पुन्हा गाठू शकतो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. आंबट पाणी घशाशी येतं, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, एंडोस्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) हर्निया, म्हणजे जठराचा भाग छातीकडे सरकलेला, किंवा अन्ननलिकेची सूज दिसते, अशांना स्लीव्हचं रू-एन-वाय बायपास (बायपासचा नेहमीचा प्रकार) करणं खरंच उपकारक ठरतं. मी स्वतः अशांना सर्जनकडे लवकर जा म्हणते. पण नुसतं अडकलेलं वजन उतरवायला केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतून मिळणारी घट पहिल्याएवढी क्वचितच असते. पहिल्या ऑपरेशनच्या आतल्या व्रणांमुळे टाक्यांच्या जागी गळतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि बायपासनंतर लोह, बी-12, कॅल्शियम यांची कमतरताही जास्त होते.

म्हणून सर्जनकडे जाण्याआधी एवढं हातात असू द्या: एंडोस्कोपी, पिशवीचा आकार दाखवणारी बेरियम किंवा सीटी तपासणी, थायरॉइड, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, डी जीवनसत्त्व आणि चालू औषधांची पूर्ण यादी. स्टेरॉइड, इन्शुलिन, काही मानसोपचाराची औषधंही वजन वाढवतात, पण ती मनाने बंद करू नका. वजन उतरवणारी इंजेक्शनची नवी औषधंही भारतात मिळतात. ती थांबवली की वजन बहुधा परत चढतं, हे डॉक्टरांशी बोलताना ध्यानात ठेवा.

ताईंनी ताटाचा क्रम बदलला. आधी अंडं, पनीर किंवा घट्ट डाळ, मग भाजी, शेवटी वाटीत कुस्करलेली भाकरी. पोळीचा गोळा होऊन अडकतो, कुस्करलेली भाकरी सहसा अडकत नाही. एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने. चहा राहिला, साखर अर्धा चमचा. साडेदहाचा चिवडा बंद करा असं मी सांगितलं नाही. वाटीत काढा, बसा, मग खा, एवढंच सांगितलं. आठ दिवसांत त्यांनीच सांगितलं की वाटी काढायचा कंटाळा येतो, म्हणून बहुतेक रात्री राहून जातं. वजन आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी.

चार महिन्यांनी 81. एंडोस्कोपी ठीक होती. फेरिटिन कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले. जिना चढताना लागणारा दम कमी झाला, याचा आनंद त्यांना तीन किलोंपेक्षा जास्त आहे. ऑपरेशनची फाइल त्यांनी जपून ठेवली आहे. वर्षाने तपासण्या पुन्हा करून सर्जनना भेटायचं ठरलंय, या वेळी वहीही बरोबर नेणार आहेत.