सोफा घेण्याआधी सोपा आठवा

तुम्ही विचारलंय की नवीन टू बीएचके ताब्यात मिळालाय, पिंटरेस्टवर बघाल ते सगळंच आवडतंय, आज बोहो तर उद्या मिनिमल, आणि इंटिरियरवाला पहिल्याच भेटीत "तुमची स्टाइल कुठली?" म्हणून विचारतोय, तर ती ओळखायची कशी. मी काही डिझायनर नाही हो, कोल्हापुरात बँकेत नोकरी करतो, पण हाच घोळ घालून बसलेला माणूस आहे म्हणून लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मंगळवार पेठेतलं जुनं घर सोडून आर. के. नगरला फ्लॅटमध्ये आलो. मी तेव्हा स्कँडिनेव्हियनच्या प्रेमात. पांढऱ्याफेक भिंती, फिकट लाकूड, राखाडी सोफा, ओपन किचन. फोटोत लई भारी दिसतंय. पण ते ज्यांचं आहे त्यांच्याकडं, म्हणजे स्टॉकहोमला वगैरे, डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, तेवढा उजेड घरभर खेळवायला त्यांना पांढऱ्या भिंती लागतात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी हॉलमध्ये डोळे दिपायला लागले. मग आला पाऊस. जुलैत आपल्याकडं झड लागली की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत हे काय तुम्हाला सांगायला नको, पार्टिकल बोर्डचं टीव्ही युनिट खालच्या कडेनं पापडासारखं फुगलं आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला. ओपन किचनचं तर विचारूच नका, रविवारी तांबड्या रश्श्याची फोडणी पडली की बुधवारपर्यंत सोफ्याला वास. आई एवढंच म्हणाली, "दवाखान्यात बसल्यागत वाटतंय रे."

ते मनाला लागलं, खोटं कशाला बोलू.

मग मी एक केलं जे तुम्हीही आजच करा, फुकट आहे. पिंटरेस्टवर सेव्ह केलेले फोटो आठवडाभर उघडू नका. नंतर एका बैठकीत सगळे बघा पण "छान आहे का" असं नाही बघायचं, एकच गोष्ट परत परत कुठली येते ते बघायचं. मी सत्तर-ऐंशी फोटो साठवले होते, नावं सगळ्या स्टाइलची, जपानी काय नि मोरोक्कन काय, पण निम्म्याहून जास्त फोटोंत खिडकीखाली बसायला बुटकी जागा होती, गडद लाकूड होतं आणि खाली दगडी नाहीतर मातीच्या रंगाची फरशी. बराच वेळ कळेना हे कुठं बघितलंय. आणि मग लक्षात आलं की हा तर आमच्या जुन्या घरातला सोपा, म्हणजे घरातली पुढची बसायची जागा! आजोबा कट्ट्यावर बसून पेपर वाचायचे, डोक्यावर तुळया, भिंतीत कोनाडा आणि त्यात चष्मा आणि चुन्याची डबी. मी सोफा निवडायला तीन महिने घातले आणि मनात बसला होता सोपा.

दुसरं म्हणजे मोबाइलची गॅलरी. मागच्या दोन-तीन गणपतींचे, वाढदिवसांचे घरातले फोटो काढा आणि माणसं खरी कुठं बसलीत ते बघा. आमच्यात सगळे खाली. सोफ्याला टेकून, पण खाली. म्हणजे आम्हाला उंच फर्निचर नकोच होतं, चांगली जाड बैठक हवी होती.

आणि आवडीपेक्षा नावड लवकर कळते. बायकोला मी विचारलं तुला काय आवडतं, तर "काहीपण चालेल". काय नको विचारल्यावर मात्र दहा मिनिटं थांबली नाही. काचेचं टेबल नको, ज्याच्यावर धूळ दिसते ते काळं चकचकीत लॅमिनेट नको, डोळ्यावर येणारा पांढरा लाइट नको. हे शेवटचं लगेच केलं, ६५०० केल्विनचे बल्ब काढून ३००० चे लावले आणि तेवढ्यानं अर्धं घर बदललं. दुकानात नुसतं वॉर्म व्हाइट मागितलं तरी देतात.

रंगाचं म्हणाल तर शेडकार्डवर विश्वास ठेवू नका. लहान डबा आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटाचा पट्टा मारा आणि सकाळी, संध्याकाळी, ढगाळ दिवशी असा बघा. वस्तू निवडतानापण मी आता एकच विचारतो, जुनी झाल्यावर, भिजल्यावर कशी दिसेल? आपला कोल्हापूरचा राजवाडा, न्यू पॅलेस बघा की, १८८४ साली बांधून झाला, काळा घडीव दगड, पावसात भिजला की अजूनच देखणा दिसतो. असलं काहीतरी घरात थोडं तरी पाहिजे. मी खिडकीखाली कडाप्प्याचा कट्टा करून घेतला, पडद्याचं कापड गांधीनगरातनं, आणि कुंड्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं. लाकूडकाम करून घेणार असाल तर किचन आणि बाथरूमजवळ आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लायच घ्या, मिस्त्री "काय होत नाही साहेब" म्हणाला तरी.

इंटिरियरवाल्याला स्टाइलचं नाव सांगायच्या भानगडीत पडू नका, ते परत परत येणारे पंधरा-वीस फोटो आणि नको असलेल्या गोष्टींची यादी त्याच्या हातात द्या, नाव तो देईल काय द्यायचं ते. आणि जमलं तर गाद्या, चार खुर्च्या आणि गॅस एवढ्यावर एक पावसाळा तिथं राहून बघा, ओल कुठनं येते आणि चहा घेऊन तुम्ही आपोआप कुठं जाऊन बसता ते दोन्ही कळतं.

राखाडी सोफा अजून आहे आमच्यात. पाहुणे आले की त्याच्यावर पिशव्या ठेवतात आणि कट्ट्यावर जाऊन बसतात.