थ्रेड अडकला, अडला की खोळंबला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर सांभाळणाऱ्या एका गटासाठी मराठीत हस्तपुस्तिका लिहिली जाते आहे. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, येणाऱ्या ‘हंग थ्रेड’ आणि ‘स्टक थ्रेड’ या इशाऱ्यांना मराठीत काय म्हणायचं? (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला एका वेळी एक काम पुढे नेणारा धागा.) कुणी ‘टांगलेला धागा’ सुचवलं, कुणी ‘लटकलेला’, कुणी सरळ ‘मृत’. बोलताना मात्र सगळे ‘हँग झाला’ म्हणून मोकळे होतात. जोडीला दुसरा प्रश्न: पोचवता न आलेले संदेश जिथे ठेवतात त्या ‘डेड लेटर क्यू’ला ‘मृत पत्र रांग’ चालेल का?

‘टांगलेला धागा’ आधी बाद करू. तो वाचून शिवणकाम आठवतं, सर्व्हर नाही. थ्रेड हा शब्द रुळलाय, तो तसाच राहू द्या. ‘मृत’ मात्र नुसतं बेढब नाही, चूक आहे. वेबस्फिअर हा आयबीएमचा सर्व्हर एखादा थ्रेड फार वेळ एकाच कामात गुंतलेला दिसला की इशारा देतो, आणि तो थ्रेड पुढे काम संपवून मोकळा झाला तर तसंही लॉगमध्ये कळवतो: आधी ज्याच्याबद्दल सांगितलं होतं तो थ्रेड पूर्ण झाला. मेलेला परत येऊन काम संपवत नाही. शिवाय हे सर्व्हर ज्या जावा भाषेत लिहिलेत तिच्यात थ्रेडला बाहेरून मारण्याची धड सोयच नाही. त्यासाठीची जुनी ‘स्टॉप’ मेथड १९९८पासून ‘वापरू नका’ या यादीत आहे आणि जावा २०पासून तिला हाक मारली की ती एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना, फेकू लागली. तेव्हा जगण्यामरण्याची क्रियापदं इथे नकोतच.

याच इशाऱ्यात एक बारकावा आहे, तो भाषांतरात हमखास गळतो. वेबस्फिअर ‘हँग झाला आहे’ असं म्हणतच नाही. अमुक इतके मिलिसेकंद सक्रिय आहे आणि ‘हँग झाला असू शकतो’, एवढंच म्हणतो. मराठीत या शंकेसाठी हाताशी तयार रूप आहे: ‘अडकला असावा’. ‘अडकला आहे’ हे विधान झालं, ‘अडकला असावा’ हा अंदाज. सर्व्हरकडे फक्त घड्याळ आहे. थ्रेडच्या पोटात काय चाललंय हे त्याला माहीत नाही. वेबस्फिअर, त्याच्यासारखाच वेबलॉजिक, आणि टॉमकॅट या सर्व्हरचा अडकलेले थ्रेड शोधणारा व्हॉल्व्ह (विनंत्यांच्या वाटेवर बसवायचा भाग), या तिघांचीही मूळ मर्यादा ६०० सेकंदांची आहे. महिनाअखेरचा अहवाल काढायला अकरा मिनिटं लागत असतील तर त्याचा थ्रेडही या यादीत येणार, आणि तो अडकलेला नसणार. म्हणून हस्तपुस्तिकेत ‘असावा’ ठेवाच.

आता मुख्य मुद्दा. ‘हँग’ हा एक शब्द निदान पाच वेगवेगळ्या अवस्थांवर पांघरूण घालतो, आणि त्या पाचही अवस्थांना मराठीत वेगळी क्रियापदं आहेत. ती नवी घडवायला नकोत. घरीदारी आपण ती अचूक वापरतो, फक्त तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहायला बसलो की विसरतो.

‘अडकणे’ आणि ‘अडणे’ यांच्यापासून सुरुवात करू, कारण खरी गंमत इथेच आहे. दोन्ही एकच वाटतात, पण त्यांच्या मागे लागणारे प्रत्यय बघा. अडकणं कशात तरी असतं: काट्यात पदर अडकला, कामात अडकलो. अडणं कशावाचून किंवा कशापाशी असतं: तुझ्यावाचून अडत नाही, घोडं पैशापाशी अडलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात तो गरजू असतो म्हणून, कशात रुतलेला असतो म्हणून नव्हे. तिथे ‘अडकला हरी’ करून पाहा, म्हणीचा अर्थच पार बदलतो.

हाच भेद थ्रेड डंपमध्ये जसाच्या तसा दिसतो. डंप म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर आहे त्याचं चित्र. जेस्टॅक हे जावाचं साधन चालवून घ्या किंवा लिनक्सवर ‘किल वजा तीन’ द्या. नाव ‘किल’ असलं तरी ही आज्ञा जावाच्या प्रोसेसला मारत नाही, फक्त डंप ओकायला लावते. नवख्या माणसाचा हात इथे हमखास थबकतो, तेव्हा हे वाक्य हस्तपुस्तिकेत ठळक छापा.

समजा डंपमध्ये एक थ्रेड ‘रनेबल’ अवस्थेत आहे आणि त्याची सगळ्यात वरची ओळ ‘सॉकेटरीडझीरो’, म्हणजे नेटवर्कवरून वाचण्याची मेथड, आहे. जावा ८ आणि ११मध्ये ही ओळ नेहमी भेटते. नवशिका ‘रनेबल’ वाचून म्हणतो, हा तर पळतोय, याला काय झालंय? पण शब्द ‘पळता’ नाही, ‘पळण्याजोगा’ आहे. जावाच्या लेखी तो थ्रेड चालू आहे, प्रत्यक्षात तो पलीकडच्या सिस्टिमकडून बाइट येण्याची वाट बघत ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात उभा आहे. हा थ्रेड ‘वाचण्यात अडकला’. आणि तो तासन् तास अडकू शकतो, कारण सॉकेटचा, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीचा, वाचन-टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मुदत) मुळात शून्य असतो आणि इथे शून्य म्हणजे ‘ताबडतोब’ नव्हे, ‘कायमचं’. पलीकडच्या सर्व्हरने उत्तरही दिलं नाही आणि कनेक्शनही तोडलं नाही तर अलीकडचा थ्रेड निमूट उभा राहतो.

दुसरा थ्रेड ‘ब्लॉक्ड’ आहे. खाली ओळ आहे की अमुक पत्त्याचं लॉक मिळण्याची वाट पाहतोय. लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला धरता येणारं कुलूप. तोच पत्ता डंपमध्ये शोधलात तर तिसराच एखादा थ्रेड ते लॉक धरून बसलेला सापडतो. हा दुसरा थ्रेड ‘लॉकपाशी अडला’. त्याच्यात दोष काही नाही, त्याला हवी ती वस्तू दुसऱ्याच्या हातात आहे. ‘लॉकमध्ये अडकला’ असं लिहिलंत की वाचणारा याच थ्रेडचा कोड उसवत बसतो. ‘लॉकपाशी अडला’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: लॉक कुणी धरलंय? घोडं कुठे पेंड खातंय ते त्या धरणाऱ्याकडे कळतं. आणि पुष्कळदा तो धरणारा पहिल्या प्रकारचा असतो, म्हणजे लॉक हातात घेऊन वाचण्यात अडकलेला. एक अडकतो आणि चाळीस अडतात.

दोन थ्रेड परस्परांच्या लॉकपाशी अडले तर ती ‘कोंडी’. डेडलॉकला याहून चांगला शब्द मला सुचत नाही. ‘गतिरोध’ हिंदीतून येऊ पाहतो, पण मराठी वाचकाच्या मनात त्यामागून रस्त्यावरचा गतिरोधक येतो, आणि त्यावरून गाडी हळू का होईना, जाते. कोंडीतून कुणी जात नाही. जावातल्या ‘सिंक्रोनाइज्ड’ या शब्दाने घेतलेल्या लॉकला टाइमआउट नसतो, त्यामुळे अशी कोंडी आपोआप फुटत नाही. सुदैवाने ती शोधावी लागत नाही, डंपच्या शेवटी जावा स्वतःच सांगते की एक डेडलॉक सापडला, आणि दोन्ही थ्रेडची नावं देते.

तिसरा प्रकार ‘ताटकळणे’. कनेक्शन पूल म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा. त्यात मोकळं कनेक्शन नाही, म्हणून थ्रेड ठरावीक मुदतीपर्यंत वाट बघतो. डंपमध्ये हा ‘टाइम्ड वेटिंग’ दिसतो. हिकारीसीपी या पूल सांभाळणाऱ्या जावा लायब्ररीमध्ये पूलची मूळ मर्यादा १० कनेक्शनांची आणि ताटकळण्याची मुदत ३० सेकंदांची, त्यानंतर एक्सेप्शन. ताटकळण्यात वेळेचा हिशेब आणि थोडं वैतागणं दोन्ही आहे, म्हणून तो शब्द इथे चपखल बसतो. फक्त नुसतं ‘वेटिंग’ दिसलं म्हणून घाबरू नका. कामच नाही म्हणून रिकामे बसलेले थ्रेडही त्याच अवस्थेत असतात. त्यांच्या खालच्या ओळींमध्ये कामाच्या रांगेतून पुढचं काम उचलण्याची मेथड दिसते. ते ताटकळत नाहीत, ते बसून आहेत.

जाता जाता पूलबद्दल. मराठीत ‘पूल’ म्हणजे नदीवरचा, पण ‘कनेक्शन पूल’ म्हटल्यावर कुणाचा घोटाळा झालेला नाही, त्यामुळे तो शब्द बदलायची गरज नाही. घोटाळा होतो तो क्रियापदात. सगळी कनेक्शनं वापरात गेली की एक जण म्हणतो ‘पूल भरला’ आणि दुसरा म्हणतो ‘पूल संपला’. दोघेही एकच गोष्ट सांगत असतात. पहिला वापरातल्या कनेक्शनांचा आकडा बघतो, दुसरा मोकळ्या. बैठकीत यावर दहा मिनिटं सहज जातात. त्यापेक्षा ‘सगळी कनेक्शनं बाहेर आहेत’ असं लिहावं. मग ‘परत का येत नाहीत’ हे विचारता येतं, आणि खरा प्रश्न तोच असतो: क्वेरी हळू आहे, की कोडने कनेक्शन घेतलं आणि परतच केलं नाही? पूलमधल्या कनेक्शनचं ‘क्लोज’ म्हणजे सहसा बंद करणं नसतंच, परत करणं असतं.

‘खोळंबणे’ मी थ्रेडसाठी वापरणार नाही. खोळंबतं ते काम: एका सहीसाठी काम खोळंबलं. टॉमकॅटमध्ये विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडांची मूळ मर्यादा २०० आहे. ते सगळे अडकले किंवा अडले, तरी नवी विनंती लगेच नाकारली जात नाही, ती खोळंबते. म्हणजे वापरणाऱ्याला दिसतो तो खोळंबा आणि डंपमध्ये दिसते ती अडचण. वापरणाऱ्याच्या तक्रारीत पहिला शब्द यावा, कारण शोधणाऱ्याच्या, म्हणजे बिघाडाचं मूळ शोधणाऱ्याच्या, टिपणात दुसरा.

आणि ‘रखडणे’. रखडलेलं काम पुढे सरकत असतं, फक्त कूर्मगतीने. एका डंपवरून अडकलेला आणि रखडलेला यांत फरक करता येत नाही. पाच-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. तिन्हींत थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तो बहुधा अडकलाय, ओळी बदलत असतील तर रखडलाय. पहिल्यासाठी पलीकडची सिस्टिम तपासायची, दुसऱ्यासाठी क्वेरी, लूप, गार्बेज कलेक्शन (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणं).

या सगळ्यात ‘सर्व्हर पडला’ हा प्रयोग सर्वांत महागात पडतो. पडला म्हणजे प्रोसेसच नाही. तिकिटावर ‘पडला’ वाचून पाळीवरचा माणूस आधी प्रोसेस आहे का ते बघतो. ती असते. पोर्टही ऐकत असतो. तो ‘सर्व्हर चालू आहे’ असं लिहून तिकीट बंद करतो, आणि तिकडे दोनशे थ्रेड तसेच अडलेले राहतात. ‘सर्व्हर चालू आहे पण उत्तर देत नाही’ हे लांबलचक वाक्य लिहायला लागलं तरी चालेल.

आता रांगांकडे. इंटिग्रेशनच्या, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम जोडण्याच्या, कामात संदेश रांगेत राहतात, आणि त्यांच्या राहण्यालाही आपल्याकडे तीन क्रियापदं आहेत: साठणे, साचणे, तुंबणे. साठवतो आपण हेतूने. साचतं ते आपोआप, कुणी उपसत नाही म्हणून. तुंबतं ते वाट बंद झाली म्हणून. घेणारं अ‍ॅप्लिकेशन बंद पडलं आणि मूळ रांगेत संदेश वाढत गेले तर रांग तुंबली. आयबीएम एमक्यू या संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये रांगेची मूळ कमाल खोली ५००० संदेशांची. ती गाठली की पाठवणाऱ्याला २०५३ हा कोड मिळतो, रांग भरली. कायमचा वर्गणीदार (संदेश आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितलेलं अ‍ॅप्लिकेशन) काही काळ जोडलेला नाही म्हणून ब्रोकर, म्हणजे संदेश पोचवणारा मधला सर्व्हर, त्याच्यासाठी संदेश राखून ठेवतो, तेव्हा ते साठतात आणि ते योग्यच आहे. डेड लेटर क्यूमध्ये मात्र संदेश साचतात, कारण तिथून उचलणारं मुद्दाम नेमल्याशिवाय कुणीच नसतं. देखरेखीच्या पडद्यावर तिन्ही ठिकाणी एकच वाढता आकडा दिसतो, पण करायचं काम तिन्ही ठिकाणी वेगळं.

त्यावरून तुमचा दुसरा प्रश्न. ‘मृत पत्र रांग’ नको. त्या रांगेतले संदेश मेलेले नसतात, ते पोचले नाहीत किंवा घेणाऱ्याला पचले नाहीत. अ‍ॅक्टिव्हएमक्यू या तशाच दुसऱ्या सर्व्हरमध्ये एखादा संदेश घेताना ट्रान्झॅक्शन (व्यवहार) फसून पुन्हा पुन्हा मागे घेतलं जात राहिलं, तर मुळातल्या मांडणीत सहा वेळा पुन्हा देऊन पाहतात आणि मग तो त्या रांगेत टाकतात. चूक दुरुस्त केली की तोच संदेश मूळ रांगेत परत टाकता येतो, आणि मृताबद्दल हे म्हणणं अवघड आहे. मी ‘अडगळीची रांग’ही टाळेन, कारण अडगळ फेकायची असते. ‘न पोचलेल्या संदेशांची रांग’ लांब आहे, पण वाचणाऱ्याला काय करायचं ते सांगते. पहिल्यांदा हे पूर्ण लिहा, पुढे ‘डीएलक्यू’. रोजच्या बोलण्यात तेच चालतं.

हस्तपुस्तिकेतल्या प्रकरणाचं नाव ‘अडकलेले थ्रेड’ ठेवा, इशाऱ्याचं भाषांतर ‘थ्रेड अडकला असावा’ असं करा, आणि तिकिटाचा नमुना काहीसा असा द्या: ‘दोन थ्रेड बिलिंगच्या सर्व्हरकडून उत्तर वाचण्यात अडकले आहेत, त्यांतल्या एकाने धरलेल्या लॉकपाशी अडतीस अडले आहेत, लॉगिनच्या विनंत्या खोळंबल्या आहेत.’ बोलताना ‘हँग झाला’ म्हणायला माझी काही हरकत नाही, मीही म्हणतो.

लिंगाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, पण हस्तपुस्तिकेत हे निस्तरावं लागेलच. थ्रेड, पूल, डंप, सर्व्हर, लॉग हे पुल्लिंगी, कनेक्शन नपुंसकलिंगी, क्यू स्त्रीलिंगी, बहुधा रांगेमुळे. थ्रेडचं अनेकवचन थ्रेडच, ‘थ्रेड्स’ नको: एक थ्रेड अडकला, दोन थ्रेड अडकले. लॉक मात्र कुणी पुल्लिंगी वापरतं, कुणी नपुंसकलिंगी. मी कुलपामुळे ‘ते लॉक’ म्हणतो. दोन्ही चालतात, एका पुस्तिकेत एकच असू द्या.