डोमेन आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, स्क्रिप्टचे मग पाहू

नमस्कार. आपण लिहिले आहे की सोलापुरातील हातमाग, जुन्या पेठा आणि शहराचा इतिहास यांत रस असणाऱ्यांसाठी आपण मास्टोडॉनचा, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या समाजमाध्यमाचा, सर्व्हर चालवता. मराठी रूपासाठी टँपरमंकीची (ब्राउझरमध्ये पानाचे रूप बदलणाऱ्या जोडणीची) एक स्क्रिप्ट लिहिली आहे, बाहेरच्या लोकांना आपोआप फॉलो करणारी दुसरी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, आणि तरीही सभासद वाढत नाहीत, उलट काही मोठ्या सर्व्हरांनी आपल्यावर मर्यादा घातली आहे, म्हणजे आपल्या पोस्ट त्यांच्याकडे सर्वांना दिसत नाहीत. त्यावर पुढे लिहितेच. परंतु आपण जाता जाता सांगितले आहे की डोमेन (सर्व्हरचे इंटरनेटवरील नाव) ओळखीच्या एका वेबसाइट करून देणाऱ्यांनी घेतले असून त्याचा कारभार जिथून चालतो ते पॅनेलही तेच पाहतात. मला खरी काळजी वाटली ती या वाक्याची, कारण आमच्या समूहाचे सर्वांत मोठे नुकसान नेमके याच व्यवस्थेमुळे झाले. इन्स्टॉलेशन, ईमेल, बॅकअप या गोष्टी आपल्याला येतात असे धरून चालते.

मास्टोडॉनवर सभासदाची ओळख म्हणजे त्याचे नाव आणि सर्व्हरचे डोमेन, दोन्ही मिळून. सर्व्हर उभारताना 'लोकल डोमेन' म्हणून जे नाव भरले जाते ते नंतर बदलता येत नाही, कारण बाहेरच्या प्रत्येक सर्व्हरने आपल्या सभासदांची नोंद आणि त्यांची सार्वजनिक किल्ली (संदेश खरा त्यांचाच आहे हे पडताळण्याची खूण) त्याच पत्त्याशी जोडून ठेवलेली असते. सभासदाला दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते आणि त्याचे फॉलोअरही सोबत नेता येतात, मात्र 'मी तिकडे गेलो' हा संदेश जुन्या सर्व्हरनेच पाठवावा लागतो. जुन्या पोस्ट तर तेव्हाही सोबत जात नाहीत. म्हणजे डोमेन हातचे गेले, तर डेटाबेस आपल्या डिस्कवर जसाच्या तसा असूनही बाहेरच्या जगाच्या दृष्टीने आपले सभासद नाहीसे होतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना त्या जमिनीवर घर बांधावे, तसा हा प्रकार आहे.

आमचा सर्व्हर ज्यांनी सुरू केला त्यांनी डोमेन शहरातल्या एका कार्यालयामार्फत घेतले होते. त्या कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पैशाची पावती आमच्या समूहाच्या नावाने होती, त्यामुळे डोमेनही आमचेच आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. नोंदणीत मात्र मालक म्हणून कार्यालय चालवणाऱ्या गृहस्थांचे नाव होते, ईमेल कार्यालयाचा होता, आणि मुदत संपत आल्याच्या सर्व सूचना तिकडेच जात राहिल्या. एके दिवशी सर्व्हर उघडेनासा झाला, तेव्हा आम्हाला हे कळले. कार्यालयात गेल्यावर आधी 'आमच्या सिस्टीमला दिसत नाही', मग 'साहेब पुण्याला गेलेत', आणि साहेब आल्यावर 'आधी वार्षिक मेंटेनन्सचे पॅकेज घ्या, मग पाहू', अशी उत्तरे मिळाली. डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितला, तर तो देणे त्यांच्या नियमात बसत नाही असे सांगण्यात आले. असा कोणताही नियम नसतो. कोड मागणे हा डोमेनधारकाचा हक्कच असतो, फक्त कागदोपत्री धारक आम्ही नव्हतो. मूळ रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, लिहिले, तर नोंदणी ज्याच्या नावे आहे त्याच्याशीच आम्ही बोलू असे त्यांनी कळवले, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनचे नूतनीकरण झाले नाही तर रजिस्ट्रारच्या सवलतीच्या काळानंतर साधारण ३० दिवस ते जादा शुल्क भरून परत मिळवता येते, नंतर ५ दिवस ते गोठलेले असते, आणि मग ज्याला हवे त्याला ते घेता येते. आमचे ते सर्व दिवस खेटे घालण्यातच संपले. डोमेन कोणा तिऱ्हाइताने घेतले आणि त्यावर जाहिरातींचे पान लावले. आम्ही नव्या नावाने पुन्हा सुरुवात केली, पण ज्या वयस्कर मंडळींना शेजारी बसून एकदा सर्व शिकवले होते त्यांच्यापैकी अनेक जण परत आले नाहीत, आणि त्यांना दोष देणे मला पटत नाही.

म्हणून आज आधी व्हूइजमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सार्वजनिक शोधसेवेत, आपले डोमेन तपासा. तपशील झाकलेला दिसला तर संबंधितांकडे पॅनेलचे लॉगिनच मागा, आणि नोंदणी, ईमेल व नूतनीकरणाचे बिल ही तिन्ही आपल्या नावे करून घ्या. संबंध चांगले आहेत हेच ते मागण्याचे कारण आहे. बिघडल्यावर कोणी देत नाही. नोंदणी अगदी अलीकडची असेल तर रजिस्ट्रार बदलण्यास ६० दिवसांची अडवणूक असू शकते, ती मात्र खरी असते. डोमेन डॉट कॉमसारखे असेल तर आयकॅनकडे, म्हणजे अशा डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे, तक्रार करता येते. डॉट इन असेल तर आयकॅन त्यात पडत नाही, तिथे निक्सी ही भारतातील संस्था नोंदवही सांभाळते. मी वकील नाही, तेव्हा कायदेशीर नोटिशीबद्दल सल्ला देत नाही. त्यांनी टाळाटाळ केलीच, तर जुने डोमेन चालू आहे तोवर दुसरा सर्व्हर स्वतःच्या डोमेनवर उभा करून सभासदांना रीतसर हलवावे. एकदा हलल्यावर त्या खात्याला ३० दिवस पुन्हा हलता येत नाही, म्हणून नवे नाव विचारपूर्वक निवडा. मजेशीर दिसते म्हणून परदेशाचे डोमेन घेऊ नका. अफगाणिस्तानच्या डॉट एएफवरचा 'क्वियर डॉट एएफ' हा मास्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या यंत्रणेने डोमेन निलंबित केल्यामुळे बंद पडला. डॉट भारतचा मोहही आवरावा असे माझे मत आहे, कारण मास्टोडॉनवर वापरकर्त्याचे नाव रोमन अक्षरांतच असावे लागते आणि पत्ता अर्धा रोमन, अर्धा देवनागरी होतो.

आता स्क्रिप्टविषयी. आपोआप फॉलो करणारी स्क्रिप्ट ताबडतोब बंद करा, कारण मर्यादा बहुधा तिच्यामुळेच आली आहे, आणि ज्या सर्व्हरांनी मर्यादा घातली आहे त्यांच्या चालकांना तसे स्पष्ट कळवा. त्यांतले बहुतेक जण ऐच्छिक काम करणारे असतात आणि सरळ लिहिलेले पत्र वाचतात. आपल्या सभासदांना बाहेरच्या चर्चा अर्धवट दिसतात ही खरी अडचण असेल, तर त्यासाठी 'फेडीफेचर' ही पायथन स्क्रिप्ट आहे. ती कोणालाही फॉलो न करता सुटलेली उत्तरे आपल्या सर्व्हरवर आणते. रिले, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकत्र पुरवणारी सेवा, जोडण्याची घाई नको, कारण बाहेरच्या चित्रांनी डिस्क भरते आणि जुनी मीडिया ठरावीक काळाने काढून टाकण्याची सोय प्रशासकाच्या सेटिंगमध्ये किंवा मास्टोडॉनच्या 'टूटसीटीएल' या आदेशाने लावावी लागते.

टँपरमंकीची स्क्रिप्ट ज्याने बसवली त्याच्याच ब्राउझरमध्ये चालते. नवा पाहुणा किंवा मोबाइल ॲपवरचा सभासद यांना ती दिसत नाही. मात्रा-उकार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींतील अंतर वाढवणे, फॉन्ट बदलणे ही कामे प्रशासकाच्या 'कस्टम सीएसएस'मध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांच्या चौकटीत) टाकावीत, म्हणजे निदान वेबवर सर्वांना लाभ होईल. मराठी शब्द सुधारायचे असतील तर ते क्राउडिन या सामूहिक भाषांतराच्या संकेतस्थळावरील मास्टोडॉनच्या भाषांतरात द्यावेत. जी स्क्रिप्ट वाटायची असेल ती केवळ आपल्याच डोमेनवर चालेल असे लिहा आणि तिचा मजकूर उघडा ठेवा, कारण लॉगिन केलेल्या पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला सभासदाचे सर्व खाते दिसते.

आमचे सभासद वाढले ते मात्र बॉटमुळे, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणाऱ्या खात्यामुळे, हे मी अनुभवाने सांगते. सोलापूरकराला उजनी धरणाची पातळी आणि नळाला पाणी येण्याचा दिवस ही माहिती रोज हवी असते. उजनीचा मृतसाठाच साधारण ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे आणि टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्याचीच मोजतात, त्यामुळे उन्हाळ्यात ती शून्याच्या खाली जाते, आणि आमच्या बॉटने 'उणे'चे चिन्ह गाळून टाकल्याने काही काळ भर मे महिन्यात धरणात बराच साठा असल्याचे दिसत होते. आकड्याआधी 'उणे' हा शब्दच लिहावा. खात्यावर बॉट ही खूण ठेवा, टोकनला (बॉट ज्याने लॉगिन करतो त्या किल्लीला) फक्त पोस्ट लिहिण्याची परवानगी द्या आणि वारंवार येणाऱ्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर टाकू नका. एपीआयची, म्हणजे प्रोग्रॅमने सर्व्हरशी बोलण्याच्या मार्गाची, मूळ मर्यादा ५ मिनिटांत ३०० विनंत्यांची आहे. अशा बॉटला ती पुरून उरते.

हातमाग हा आपला विषय असल्याने सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबे आपल्याकडे येतीलच असे मला वाटते. प्रत्येक पोस्टची भाषा नेमून देण्याची सोय मास्टोडॉनमध्ये आहे, ती बॉटमध्येही भरा, आणि तेलुगू व कन्नड पोस्टना नियमावलीत स्पष्ट जागा द्या. सार्वजनिक टाइमलाइनवर कोणत्या भाषा पाहायच्या हे सभासद स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरवू शकतात, त्यामुळे भाषेवरून वाद घालणाऱ्यांना ती सेटिंग दाखवून द्यावी.