वाचकांचे प्रश्न : काळात उलगडणाऱ्या कला

प्रश्न : एका कलादालनात मी गेलो, तेव्हा पडद्यावरची व्हिडिओ कलाकृती अर्ध्यावर आली होती आणि बसायलाही जागा नव्हती. अशी कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलीच पाहिजे का?

उत्तर : ते त्या कृतीच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून शेजारच्या पाटीवर दिलेला कालावधी आधी वाचावा. जिला ठरलेला आरंभ आणि शेवट आहे, ती पुन्हा सुरू होईपर्यंत थांबणे योग्य. मात्र अनेक कृती लूपमध्ये, म्हणजे संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होत, फिरण्यासाठीच रचलेल्या असतात आणि त्यांत कुठूनही शिरता येते. हा प्रकार नवा नाही. बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी १८३२च्या सुमारास तयार केलेल्या तबकडीवर एकाच हालचालीच्या क्रमवार आकृती गोलाकार काढलेल्या असत. तबकडी आरशासमोर फिरवून तिच्या फटींतून पाहिले, की नर्तक गिरकी घेताना दिसे, आणि त्या गिरकीला पहिली किंवा शेवटची आकृती नसे. याउलट ख्रिश्चन मार्क्ले यांची २०१०मधील ‘द क्लॉक’ ही कृती तब्बल २४ तासांची आहे. चित्रपटांतील घड्याळांचे हजारो तुकडे जोडून केलेली ही कृती स्थानिक वेळेशी जुळवून चालवली जाते, त्यामुळे पडद्यावर चार वाजतात तेव्हा प्रेक्षकाच्या मनगटावरही चारच वाजलेले असतात. ती एका बैठकीत पाहून संपवावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. आपली बसण्याच्या जागेबद्दलची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. प्रेक्षकाने दिलेला वेळ हा ज्या कृतीचा निम्मा भाग आहे, तिच्यासमोर साधे बाकही न ठेवणे हा त्या कृतीवर अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न : जुन्या मूकपटांतील माणसे घाईघाईने, झटके देत का चालतात?

उत्तर : मूळ प्रेक्षकांना ती बहुधा तशी दिसत नव्हती. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि चित्रणाचा वेग साधारणपणे सेकंदाला १६ ते २० फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, एवढा असे. तो चित्रपटागणिक, कधी प्रसंगागणिकही बदलत असे. बोलपट आल्यावर ध्वनी फिल्मच्या कडेलाच मुद्रित होऊ लागला. वेग जरा बदलला तरी आवाजाची पट्टी बदलते, म्हणून २४ फ्रेमचा वेग कायम करावा लागला. आता १६ फ्रेमने टिपलेला एक मिनिटाचा प्रसंग घ्या. त्यात ९६० फ्रेम असतात आणि २४च्या वेगाने त्या ४० सेकंदांतच संपतात. शांतपणे दार उघडून आत येणारी व्यक्ती त्यामुळे धावत आल्यासारखी भासते, आणि एका गंभीर अभिनयाचे उगाचच हसे होते. यावर सर्व मूकपट १६ फ्रेमने दाखवावेत, हा उपायही बरोबर नाही, कारण विनोदी प्रसंग जाणूनबुजून कमी वेगाने चित्रित करून पडद्यावर वेगवान केले जात. म्हणून पुनरुज्जीवन करणाऱ्यांना चालण्याची लय, पडणाऱ्या वस्तूंची गती, संगीताच्या जुन्या नोंदी असे सारे तपासून प्रत्येक चित्रपटाचा वेग ठरवावा लागतो.

प्रश्न : जुन्या टीव्ही संचांवरच्या कलाकृतीत संच बिघडल्यावर सपाट पडदा बसवला, तर ती कृती तीच राहते का?

उत्तर : याला एकच उत्तर नाही. व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांनी १९६५मध्ये टीव्हीवर मोठा लोहचुंबक ठेवून पडद्यावरचे चित्र वाकवले. पिक्चर ट्यूबमधील, म्हणजे जुन्या संचाच्या काचेच्या नळीतील, इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळतो, म्हणून हे घडते. सपाट पडद्यात असा झोतच नसतो, तेव्हा तिथे संच बदलणे म्हणजे कृतीच पुसून टाकणे होय. त्यांचीच १९८८मधील १,००३ संचांची उंच मनोऱ्यासारखी रचना कोरियातील राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाच्या ग्वाचॉन येथील इमारतीत आहे. ती २०१८मध्ये सुरक्षिततेसाठी बंद करावी लागली. ७३७ संच पिक्चर ट्यूबचेच राखून आणि वरच्या थरांतील २६६ लहान संचांत एलसीडी पडदे बसवून २०२२मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मला ही तडजोड योग्य वाटते, कारण तिथे संचांचा आकार, त्यांचा समूह आणि त्यांतून वाहणारी चित्रे यांना महत्त्व आहे. असा निर्णय कलाकार हयात असताना त्यांच्याशी बोलून, लेखी नोंदवून ठेवणे सर्वांत उत्तम.

प्रश्न : मी कलाशाखेची विद्यार्थिनी असून संगणकावर चालणारी कलाकृती केली आहे. ती टिकण्यासाठी काय करावे?

उत्तर : फक्त फाइल जपून भागत नाही. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरला असलेला आधार २०२० अखेर थांबला आणि त्यावर बेतलेल्या असंख्य कृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. शिवाय प्रोसेसरच्या गतीवर विसंबणारा जुना प्रोग्राम नव्या संगणकावर भरधाव पळतो. मूकपटांचे दुखणे इथेही आहेच. म्हणून मूळ कोड, वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कृती प्रत्यक्ष चालतानाचे संपूर्ण चित्रीकरण या तिन्ही गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत एका पानावर सेकंदाला किती फ्रेम, पडद्याचा आकार, आवाजाची पातळी लिहा आणि यांपैकी काय बदललेले चालेल, काय अजिबात चालणार नाही, हेही स्पष्ट नोंदवा.