टीसी अडवलाय, चार वर्षांची फी मागतायत

प्रश्न : मुलीने कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजला अॅडमिशन घेतली, फी भरली, ओरिजिनल कागद जमा केले. मग तिचा बीएएमएसला (आयुर्वेदाच्या डिग्रीला) नंबर लागला. आम्ही कट-ऑफ तारखेच्या (अॅडमिशन रद्द करायच्या शेवटच्या तारखेच्या) चार दिवस आधी रद्द करायचा अर्ज नेऊन दिला, क्लार्कने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि "सर आल्यावर बघू" म्हणाला. आता म्हणतात सीट रिकामी राहिली, चार वर्षांची फी भरा मग टीसी न्या. काय करू?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : आधी ती चार वर्षांची फी डोक्यातून काढा, ती निव्वळ भीती घालण्यासाठी आहे. एआयसीटीईचा, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा नियम स्पष्ट आहे, सीट भरली जावो न जावो, पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही आणि ओरिजिनल कागद अडवता येत नाहीत. कॉलेजवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं बरं का.

पैशाचं मात्र तारखेवर अवलंबून आहे. कट-ऑफच्या आत अॅडमिशन कॅन्सल केली तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी सगळी फी परत मिळते. तारखेनंतर केली आणि त्या जागेवर दुसरा विद्यार्थी आला तर महिन्यांच्या हिशोबाने कपात होऊन उरलेली मिळते, जागा रिकामी राहिली तर फक्त डिपॉझिट हाती येतं. म्हणून तो ड्रॉवर तुम्हाला महागात पडू शकतो. कॅन्सलेशन सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) पोर्टलवर मुलीच्या लॉगिनमधून करायचं असतं आणि त्याची सही केलेली प्रिंट कॉलेजला द्यायची असते, ते केलंय का बघा, नसेल तर आजच करा. अर्ज दिला त्या दिवशीचा कुठलाही पुरावा शोधा, क्लार्कला केलेला व्हॉट्सअॅप मेसेज असला तरी चालेल. मग प्रिन्सिपलना ईमेल, कॉलेजच्या तक्रार निवारण समितीला अर्ज, आणि दोन्हीची कॉपी सीईटी सेल आणि एआयसीटीईला. तोंडी काहीच नको, आणि यापुढे पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही.

(बीए, बीकॉमवाल्यांचीही पत्रं आलीत. त्यांना यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम आहे, अॅडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत पूर्ण फी परत, फक्त प्रोसेसिंगचे ५ टक्के कापतात, तेही ५००० च्या वर नाही, नंतर ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं आणि तारीख उलटून ३० दिवस झाले की शून्य.)

प्रश्न : कॉलेजने पावतीवरच्या फीव्यतिरिक्त ३५ हजार कॅश घेतली, साध्या कागदावर "इतर" लिहून दिलं. हे चालतं?

उत्तर : नाही चालत. प्रोफेशनल कोर्सच्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, प्रत्येक कॉलेजची प्रत्येक कोर्सची वेगळी, आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. तुमच्या कॉलेजचा आकडा काढा आणि पावतीशेजारी ठेवा. मंजूर फीच्या वर घेतलेला पैसा म्हणजे कॅपिटेशन फी, त्यावर राज्यात १९८७ पासून बंदी आहे. तक्रार त्या प्राधिकरणाकडेच करा, सोबत तो "इतर"वाला चिटोरा जोडा, फेकून दिला नसेल तर.