तिला अक्षरं येत नाहीत, मग डोळे तपासायचे कसे?

डाउन सिंड्रोम असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीची आई विचारत होती. मुलगी बोलत नाही, चित्रांचं पुस्तक नाकाशी धरते, डोळे चोळत राहते. दोन ठिकाणी तपासणी अर्ध्यावर सुटलेली. "तक्ता वाचत नाही, यंत्रावर हनुवटी टेकवत नाही. मोठी झाली की आणा म्हणाले. थांबू का?"

थांबू नका, असंच आम्ही सांगितलं. बालपणी मेंदूला स्पष्ट चित्र मिळालं नाही, तर डोळा आळशी राहतो आणि पुढे चष्मा लावूनही नजर पूर्ण सुधारत नाही. त्यातून डाउन सिंड्रोममध्ये मोठा नंबर, तिरळेपणा, मोतीबिंदू हे सगळं जास्त आढळतं.

नंबर काढायला मुलीनं एक शब्दही बोलायची गरज नाही. रेटिनोस्कोपीत डोळ्यात प्रकाश टाकून परतणाऱ्या झळाळीवरून नंबर मोजतात. त्याआधी थेंब घालून साधारण अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. थेंब झोंबतात, नंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. म्हणून टोपी न्यावी, त्या दिवशी शाळा नको. एक गोष्ट मात्र थेंबांच्या आधीच व्हायला हवी: जवळचं पाहताना डोळा नीट फोकस करतो का, ही तपासणी. थेंबांनी तीच शक्ती थांबते. या मुलांत ती बऱ्याचदा मुळातच कमी असते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. या तपासणीचं नाव डायनॅमिक रेटिनोस्कोपी. आईनं ते चिठ्ठीवर लिहून नेलं.

नजर मोजायला सफरचंद, घर, गोल, चौकोन अशा चार चित्रांचा तक्ता असतो. दाखवलेलं चित्र हातातल्या कार्डावर ओळखून बोट ठेवायचं, बस. याचा सराव घरी रोज पाच मिनिटं केला. आधी हाताच्या अंतरावरून, मग तीन मीटरवरून. हेही न जमणाऱ्या मुलांसाठी रेघांची कार्डं असतात, त्यात तपासणारा फक्त मुलाची नजर कुठे वळते ते पाहतो. वेळ सकाळची पहिली मागितली आणि हातात धरायचा स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून पाहायचं यंत्र, आहे का, हेही आधीच विचारलं. व्हीलचेअरवरच्या माणसालाही त्यामुळे खुर्चीतून उचलावं लागत नाही.

प्लस नंबर निघाला, जवळचा फोकसही कमी. बायफोकल दिला. या मुलांसाठी त्याची रेघ बाहुलीच्या मध्यावर हवी. मोठ्यांसारखी खाली ठेवली तर मूल वरच्या भागातूनच बघतं. तिनं तिसऱ्या दिवशी चष्मा फेकला. आईला वाटलं, हट्ट. पण नाकाचा पूल बसका असल्यानं फ्रेम घसरत होती आणि दांडी कानामागे रुतत होती. बसक्या पुलाची फ्रेम आणि मागून पट्टा लावल्यावर, आधी आवडत्या पुस्तकापुरताच, चष्मा टिकू लागला.

चोळणं थांबवण्यासाठी अॅलर्जीचं औषध सुरू आहे. चोळण्यानं केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन पुढे येण्याचा धोका वाढतो, म्हणून किशोरवयापासून दरवर्षी या पडद्याच्या आकाराचा नकाशा काढायला सांगितला आहे.