अंघोळ घालून, वेचून काढूनही कुत्र्याला गोचीड पुन्हा पुन्हा का होतात?

सासूबाई कुत्रा देऊन टाका म्हणतात, पण कुत्रा दिला तरी गोचीड तुमच्याच घरात राहतील, हे त्यांना आधी सांगा. तुम्ही लिहिलंय की लॅब्रेडॉरला दर आठवड्याला औषधी शांपू लावता, चिमट्याने गोचीड वेचता, तरी चार दिवसांत कानात पुन्हा दिसतात, आणि आता तर बेडरूमच्या भिंतीवरही चढताना सापडले. म्हणजे तुम्ही फक्त कुत्रा साफ करताय. गोचीड मुक्कामाला भिंतीत आहेत, कुत्र्यावर ते नुसते जेवायला येतात.

आमच्याकडे कुत्री कायम आहेत, घर तळमजल्यावर आणि पलीकडे गोठा. त्यामुळे हा विषय चांगलाच परिचयाचा. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसतो तो तपकिरी गोचीड. त्याला रान-गवत काही लागत नाही, सगळा जन्म फ्लॅटमध्ये काढू शकतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, वाळूच्या कणाएवढं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं आणि उतरतं. फटीत बसून कात टाकतं, आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं. तिसऱ्या खेपेला चढतो तो पूर्ण वाढलेला गोचीड. मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म, राखाडी होते, मग गळून पडते, एखादी फट गाठते आणि हजारांनी अंडी घालून मरते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जातात. उन्हाळ्यात हे सगळं दोन-तीन महिन्यांत उरकतं. पोट भरलं नाही तरी मोठा गोचीड कित्येक महिने तग धरतो, म्हणून महिनाभर गावी जाऊन आलात तरी फरक पडत नाही.

त्यांना वर चढायची खोडच असते. तेव्हा फरशीपेक्षा वर बघा. स्विचबोर्डाची कड, दाराच्या चौकटीमागची फट, पडद्याच्या वरच्या चुण्या, भिंतीवरच्या फ्रेमची पाठ, सगळीकडे टॉर्च मारा. बारीक तपकिरी दाण्यांचा चिकट पुंजका दिसला तर ती अंडी. व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका, आणि फटी व्हाइट सिमेंटने बुजवा. कुत्र्याची गादी-चादर उकळत्या पाण्यात. प्रादुर्भाव जास्त असेल तर पेस्ट कंट्रोल करून घ्या, पण एकदा करून भागत नाही, नंतर फुटणाऱ्या अंड्यांसाठी पुन्हा करावं लागतं. फवारा पूर्ण सुकेपर्यंत कुत्रा बाहेर. घरात मांजर असेल तर फवारणाऱ्याला आवर्जून सांगा, फवाऱ्यात वापरतात ते परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक मांजराला विषारी असतं.

आता कुत्र्याचं. शांपूचा असर अंग वाळेपर्यंत, असं धरून चाला. माझं मत स्पष्ट आहे: पैसे खर्च करायचेच तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे चघळायची गोळी घ्या. अफोक्सोलॅनर या औषधाची गोळी महिनाभर चालते, फ्लुरालॅनरची साधारण बारा आठवडे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगायचं. गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोचीड चावल्यावरच औषध त्याच्या पोटात जातं. मुद्दा असा की तो अंडी घालण्याआधी मरतो. भिंतीतला साठा असाच एकेक करून संपतो, त्यामुळे गोचीड दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळी बंद करू नका. लोक नेमकं तेच करतात.

गोठ्यातलं, गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात घालून कुत्र्याला चोळत असाल तर ते बंद करा. कुत्रा अंग चाटतो, गाय तेवढं चाटत नाही. शिवाय गाईवरचा नेहमीचा गोचीड वेगळ्या जातीचा, तो पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. तिथला हिशेब इथे लागू होत नाही. लसूण खाऊ घालायचा सल्लाही कोणी देईल. लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रॉकेल, जळती काडी हेही नको. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखाने चिरडू नका.

खरी भीती टिक फिव्हरची, म्हणजे गोचीड चावून कुत्र्याला होणाऱ्या तापाची. जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, प्लेटलेट्स आणि स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) दोन्ही. पपईच्या पानांच्या रसात दिवस घालवू नका. एर्लिकिया हा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण चार आठवडे चालतं, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला तरी कोर्स पूर्ण करायचा. बबेसिया या रक्तातल्या परजीवीला उपचार वेगळे, म्हणून अंदाजाने गोळ्या नकोत.

सासूबाईंची काळजी बाळासाठी असेल तर ती अगदीच खोटी नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, गोव्यातल्या सत्तरी भागात ऐकू येणारा माकडताप जंगलातल्या दुसऱ्या गोचिडाचा, तो सोडा. पण हा तपकिरी गोचीड घरात फार झाला की माणसालाही चावतो, आणि त्यातून टिक टायफस, म्हणजे गोचिडातून माणसाला होणारा पुरळाचा ताप, होऊ शकतो. संध्याकाळी बाळाचे कान, मान, काखा बघत जा. ताप येऊन तळहात-तळपायांवरही पुरळ दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना घरात गोचीड आहेत हे स्वतःहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.